अवसेची शिल्लक

३१ ऑक्टोबर २०२४ ला न्यू जर्सीहून माझ्या भाचीचा मेसेज आला. ‘आत्या, उद्या स्कॉर्पिओचा न्यू मून आहे. दहा इच्छा कागदावर लिहून उशीखाली ठेवायच्या म्हणे. मराठीत लिहिल्या तर चालतात का गं?’ सोबत एक रील. मेणबत्ती, जांभळा दगड, नखं रंगवलेला हात आणि डायरी.

मी चिवड्याचे डबे भरत होते. एका हातानं उत्तर टाइप केलं, ‘अगं, उद्या लक्ष्मीपूजन. उद्या वह्या मिटवायच्या. मागायचं ते पाडव्याला.’ तिला काही कळलं नाही. मग फोन झाला, तो तासभर चालला. तेव्हा तिला जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं, ते इथं जरा नीट लावून सांगते.

मी मूळची लातूरची, आता पुण्यात. छोट्या दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब घरी बसून करते. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन दोन वर्षं ज्योतिष शिकले, पण पत्रिका सांगायला बसत नाही. वडील गंजगोलाईजवळच्या एका आडत दुकानात दिवाणजी होते. रोकड जुळल्याशिवाय ते दुकानातला दिवा मालवत नसत, मग फरक आठ आण्यांचा का असेना. आश्विन अमावास्येला त्या दुकानात लाल वह्यांची पूजा व्हायची. जुन्या खतावणीतलं येणं-देणं ओढून शिल्लक काढलेली असायची आणि नव्या वहीतली पहिली नोंद पाडव्याच्या मुहूर्तावर. सरकारनं हिशेबाचं वर्ष एप्रिलवर नेलं तरी वह्या अजून अवसेलाच पुजतात. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे तर आता लॅपटॉपलाच हळदकुंकू लागतं. अवस म्हणजे काय, हे मला ज्योतिषाच्या वर्गाआधी त्या दुकानात कळलं होतं.

आधी भीतीचं बोलून घेऊ, कारण ती काढल्याशिवाय पुढचं काही जमत नाही. आपल्याकडे अवस म्हटलं की रिक्षाला लिंबू-मिरची, गाडीपुढे नारळ, प्रवास टाळा, बाळाला बाहेर नेऊ नका. पण त्याच लातुरात मार्गशीर्षातल्या अवसेला सगळं गाव शेतात जातं. वेळा अमावास्या, आमच्या तोंडी येळवस. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करायचं, आत पांडव म्हणून दगड मांडायचे, मडक्यातली अंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि ओळख असो नसो, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी शहरातले रस्ते ओस पडतात. आमच्या मजल्यावरच्या तमिळ मामी तर अवसेला मुद्दाम नवं काम हाती घेतात, त्यांच्याकडे तो चांगला दिवस. एकच तिथी, तीन घरं, तीन स्वभाव. तेव्हा अमावास्येला जन्मलं म्हणून कुणी हजारो रुपयांची शांती सांगितली, तर आधी घरी येऊन पाणी प्या. ग्रंथांत शांती सांगितली आहे हे खरं, पण घाबरवून पैसे काढावेत असं तिथं कुठं म्हटलेलं नाही.

आता ज्योतिष काय म्हणतं ते. सूर्य आत्म्याचा कारक, चंद्र मनाचा. पुरुषसूक्तातच ‘चंद्रमा मनसो जातः’ आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचं अंतर पडलं की एक तिथी होते, अशा तीस तिथी. तिसावी अमावास्या, आणि ती संपते त्या क्षणी दोघं एकाच अंशावर असतात. चंद्र सूर्याच्या उजेडात बुडालेला, स्वतःचं तेज शून्य. शास्त्रात त्याला क्षीण चंद्र म्हणतात. माझ्या भाषेत, गल्ला रिकामा. रिकाम्या गल्ल्यावर उधारीचे वायदे करू नयेत एवढी अक्कल दिवाणजीच्या पोरीला असायला हवी. म्हणून त्या दिवशी मी मोठा निर्णय घेत नाही आणि इच्छांची यादीही करत नाही. त्या दिवशी फक्त मोजते.

‘समुद्राला भरती येते, मग आपल्या शरीरातल्या पाण्याला नाही का येत?’ हा प्रश्न भाचीनं विचारलाच. अवसेला आणि पुनवेला उधाण येतं, कोळ्यांना ते कुणी शिकवावं लागत नाही. सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते म्हणून. पण ती ओढ दिसायला समुद्राएवढं पाणी लागतं. आमच्या शेतातल्या विहिरीला कधी भरती आली नाही, तर मला कुठून येणार? मी ज्योतिषाकडे बघते ती एक जुनी, नीट आखलेली वही म्हणून. रकाने कुणीतरी आधीच पाडून ठेवलेत, आपण फक्त भरायचे.

दर अवसेला मी आयुष्यातल्या एका खात्याचा हिशेब वहीत लिहिते, तो कसा ते आता. पहिलं काम, वेळ काढणं. पंचांग घ्या, नाहीतर भिंतीवरचं कालनिर्णय. अमावास्या प्रारंभ आणि समाप्ती अशा दोन वेळा मिळतील. तिथी कधी एकोणीस-वीस तासांत संपते, कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते, त्यामुळे ती बहुधा दोन तारखांवर पसरलेली असते आणि ‘दर्श अमावास्या’ आदल्या तारखेला छापलेली दिसते. गोंधळायचं नाही. श्राद्ध-तर्पण घरच्या रिवाजाप्रमाणे, आणि आपल्या वहीसाठी समाप्तीची वेळ धरायची, कारण खरी युती तेव्हाच. २०२४ ची दिवाळी आठवत असेल. देशात अनेकांनी लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला केलं, आपल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. अमावास्या १ तारखेला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपत होती. परदेशात असाल तर क्षण तोच, घड्याळ वेगळं. भाचीकडे तेव्हा त्याच दिवशीचे सकाळचे पावणेनऊ.

दुसरं, रास. इथं तिची रील आणि माझं पंचांग यांची फारकत होते. तिचा न्यू मून स्कॉर्पिओत, म्हणजे वृश्चिकेत. माझी अवस तुळेत. दोघींपैकी कुणी चुकलेलं नाही. पाश्चात्त्य ज्योतिष सायन, ते राशी वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाच्या सूर्याच्या जागेपासून मोजतं. आपलं निरयन, ताऱ्यांवरून मोजणारं. दोन्हींत आज साधारण चोवीस अंशांचा फरक पडलाय, आणि रास असते तीस अंशांची. म्हणून बहुतेक वेळा तुमची रास त्यांच्यापेक्षा एक घर मागे निघते. कुठलीही एक पद्धत धरा, पण अर्धी इकडून अर्धी तिकडून घेऊ नका. दोन वह्यांत एकच बिल चढवलं की घोळ होतो.

निरयन धरलीत तर अवसेची रास काढायला अॅप लागत नाही, मराठी महिन्याचं नाव पुरतं. सूर्य मेषेत जातो तो महिना चैत्र, अशीच आपल्या महिन्यांची नावं पडलीत. आणि आपला महिना अवसेला संपतो. म्हणून चैत्राच्या शेवटची अवस मेषेत, वैशाखाची वृषभेत, ज्येष्ठाची मिथुनेत, आषाढाची कर्केत, श्रावणाची सिंहेत, भाद्रपदाची कन्येत, आश्विनाची तुळेत, आणि असंच मोजत फाल्गुनाची मीनेत. उत्तरेकडचं पंचांग वापरत असाल तर सांभाळा, तिथं महिना पुनवेला संपतो, त्यामुळे आपली पौषातली अवस त्यांच्याकडे माघाची म्हणून मौनी अमावास्या होते.

अधिक महिन्यात सूर्य रास बदलत नाही, म्हणून लागोपाठ दोन अवसा एकाच राशीत पडतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. तो लागण्याआधीची आणि तो संपतानाची, दोन्ही अवसा वृषभेत. एकच पान दोनदा लिहायचं. दुसऱ्यांदा लिहिताना पहिल्यांदा काय खोटं लिहिलं होतं ते सापडतं, हा माझा अनुभव.

तिसरं, स्थान. आपल्या लग्नराशीपासून, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीपासून, अवसेच्या राशीपर्यंत मोजा, स्वतःची रास एक धरून. जन्मवेळ माहीत नसेल तर जन्मराशीपासून, म्हणजे जन्मावेळी चंद्र होता त्या राशीपासून मोजा. जो आकडा येईल, त्या स्थानाचा हिशेब त्या महिन्यात. पहिलं शरीर आणि स्वभाव, दुसरं पैसा, कुटुंब आणि वाणी, तिसरं भावंडं, चौथं घर, जमीन, आई, पाचवं मुलं आणि विद्या, सहावं आजार, कर्ज, वैरी, सातवं जोडीदार, आठवं मृत्यू आणि झाकून ठेवलेलं सगळं, नववं भाग्य आणि गुरू, दहावं काम, अकरावं लाभ, बारावं खर्च आणि झोप. वडील काही जण नवमावरून पाहतात, काही दशमावरून. मी माझे दोन्हीकडे पाहिलेत, दोन्हीकडे सापडले.

माझी लग्नरास कन्या. म्हणजे कार्तिकातली अवस वृश्चिकेत, तिसऱ्या स्थानी, भावाची. त्याच्या पुढची, आमची येळवस, धनूत, चौथ्या स्थानी, जमिनीची. दर वर्षी. वर्गात हे पहिल्यांदा मोजलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण वडील गेल्यावर २०१६ साली दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. औशाकडची साडेचार एकर, जिथं आमची कोप बांधली जायची. कायद्यानं २००५ पासून लेकीचा वाटा लेकाइतकाच आहे, मला ठाऊक होतं, दुसऱ्यांचे हिशेब करून पोट भरणारी बाई मी. भाऊ म्हणाला, ताई, फक्त एक सही. मी केली, आणि खुशीनं केली असं सगळ्यांना सांगत सुटले. मग दोन वर्षं येळवसेला मला ताप यायचा. डॉक्टरांना काही सापडायचं नाही. २०१८ मध्ये मी वही घातली.

वहीचं काम चतुर्दशीच्या संध्याकाळी सुरू होतं. सगळं घर आवरू नका, एक खण काढा फक्त. औषधांचा, बिलांचा, पिशव्यांमधल्या पिशव्यांचा. हात चालू असले की मन आपोआप बोलायला लागतं. खण आवरून झाला की वहीचं नवं पान, मधोमध रेघ. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. वर महिना आणि स्थान. जमा म्हणजे या महिन्यात, त्या स्थानाच्या बाबतीत, मला काय मिळालं आणि कुणाकडून. नावे म्हणजे माझ्याकडून काय गेलं. नोंद करायची ती घडलेल्या गोष्टीची. ‘भाऊ स्वार्थी आहे’ ही नोंद होत नाही, तो शेरा झाला. ‘१२ तारखेला फोन केला, त्यानं उचलला नाही, मी पुन्हा केला नाही’ ही नोंद. कीर्दीत कुणी ‘गिऱ्हाईक लबाड’ असं लिहीत नाही, वडील म्हणायचे, रक्कम लिहितात.

पहिल्या वर्षी माझ्या नावे बाजूला पानभर मजकूर आणि जमेला एक ओळ. पुढच्या वर्षी बळंच जमेची बाजू भरायला बसले, तेव्हा आठवलं की वडिलांच्या शेवटच्या चार महिन्यांत त्यांना उचलून बसवायला तोच होता, मी पुण्यातून फोन करत होते. त्यानं जमिनीची नोंद पुसली जात नाही. ती आजही येणे म्हणून पुढे ओढते. दर वर्षी, त्याच शब्दांत. पण दोन्ही बाजू लिहिल्यावर ताप यायचा थांबला. का थांबला, ते विचारू नका.

अमावास्येच्या दिवशी काम थोडंच. सकाळी गेलेल्यांची आठवण. ज्यांच्या घरी तर्पणाची रीत आहे त्यांनी ते करावं. मी तांब्याभर पाण्यात काळे तीळ घालून तुळशीत सोडते आणि वडिलांचं नाव घेते. बाईनं असं करावं का, हा वाद मी कुणाशी घालत नाही. तुम्हाला तेही नको असेल तर त्यांच्या आवडीचा एक पदार्थ करून कुणाला तरी खायला घाला. संध्याकाळी तेलाचा दिवा. दिव्यापुढे एक तास गप्प बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत. ध्यान जमत नसेल तर जमवू नका, नुसतं गप्प बसा. तास संपला की कालचं पान वाचायचं आणि खाली एका ओळीत शिल्लक लिहायची. एकच ओळ. ‘राग शिल्लक, पण आवाज कमी.’ ‘आईची साडी अजून कपाटात, देववत नाही.’ माझ्या वहीत एका श्रावणी अवसेला नुसतं ‘दमले’ एवढंच आहे.

तेवढ्यात लहान मुलानं येऊन काही मागितलं, कुकरची शिट्टी झाली, तर उठा. तास कुणी मोजत नाही.

त्या दिवशी लांबलचक मेसेज कुणाला पाठवू नका, विशेषतः नात्यातल्या. लिहा, पण वहीत. क्षीण चंद्राला माणसं चिडतात म्हणतात. मी माझ्या वह्या उघडून पाहिलं, माझी भांडणं अवसेला जास्त होतात का. तसं काही दिसलं नाही. जास्त होतात ती वीस तारखेच्या आसपास, जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायची मुदत असते तेव्हा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. वहीत सलग दोन-तीन पानं ‘जगावंसं वाटत नाही’ अशा अर्थाची दिसली, झोप-जेवण उडालं, तर पुढच्या अवसेची वाट बघायची नाही. डॉक्टरकडे जायचं. सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, तिथं मराठीत बोलता येतं. आणि चालू असलेली गोळी कुठल्याही ग्रहाच्या भरवशावर बंद करू नका.

मग प्रतिपदा. आता नवी नोंद. भाचीच्या दहा इच्छांपैकी मी तिला नऊ खोडायला लावल्या. एकच ठेवायची, आणि ती पुनवेपर्यंत, म्हणजे पंधरा दिवसांत, हातानं करता येईल अशी हवी. ‘मला शांती मिळू दे’ याचं व्हाउचर कसं करणार? ‘रोज रात्री दहाला फोन स्वयंपाकघरात ठेवीन’ याचं होतं. माझ्या एका कार्तिकातल्या पाडव्याची नोंद ‘हक्कसोडपत्राची प्रत शोधून फाइलला लावणे’ अशी आहे. शोधायला अकरा दिवस लागले, पिठाच्या डब्यामागे होती. कुणी ठेवली, मीच. पुनवेला पान उघडून झालं की बरोबरची खूण, नाही झालं की कारण लिहायचं आणि सोडून द्यायचं. पुढच्या महिन्यात तीच नोंद ओढायची नाही, कारण पुढच्या महिन्याचं स्थान वेगळं. ती परत येईल वर्षानं. बारा खाती आहेत, सगळी एका महिन्यात कोणी जुळवत नाही.

अवस चुकली तर? चुकते. पाहुणे असतात, परीक्षा असतात, मला एकदा कांजिण्या झाल्या होत्या, पन्नाशीत. ते पान कोरं ठेवा, मागच्या तारखेनं भरू नका. मागच्या तारखेच्या नोंदींनी काय होतं ते माझ्या गिऱ्हाइकांना विचारा.

राहिली बीज. या सगळ्यात मला सर्वांत आवडते ती हीच संध्याकाळ. अवसेनंतर दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळल्यावर, पश्चिमेला नखाएवढी कोर. आमच्या समोर बावीस मजली टॉवर उभा राहिल्यापासून मला त्यासाठी गच्चीवर जावं लागतं. तिथं कधी खालच्या मजल्यावरचे शेखचाचा भेटतात, रमजान-ईदचा चंद्र शोधायला आलेले. आमची दोघांची नजर एकाच कोपऱ्यात.

२०२४ ला पाडव्यानंतरची ती बीज म्हणजे भाऊबीज, ३ नोव्हेंबर. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात अशी आपल्याकडे रीत आहे. मी भाऊ असून गेली काही वर्षं ओवाळते. ताट घेऊन वर गेले, कोर स्वच्छ दिसत होती, ओवाळलं, दोन अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर भाचीचा मेसेज. ‘आत्या, पार्किंगमध्ये वीस मिनिटं उभी होते. नुसते ढग. बाबांना फोन केला, तेही म्हणाले की ते काल गच्चीवर गेले होते.’

मी तिला लिहिलं, उद्या तीज आहे, उद्या परत बघ, जरा वर आलेला असेल आणि जास्त वेळ टिकेल. दुसऱ्या मुद्द्यावर काहीच लिहिलं नाही. ते कुठल्या बाजूला चढवायचं, ते कार्तिकातल्या अवसेला बघू म्हटलं.